जाळ्यांसाठी घरी शिसे वितळवताय? शिशाच्या विषबाधेविषयी माहिती

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात होड्या किनाऱ्याला लागल्या की जाळी बाहेर पडतात. राज्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. जाळी दुरुस्त करायला हाच काळ सोयीचा. जाळ्याचा खालचा दोर पाण्यात तळाला जावा म्हणून त्याला शिशाची वजने लावतात. ही वजने विकत मिळतात. पण भंगारातले शिसे आणून घरीच ओतली तर ती स्वस्त पडतात. टायरच्या दुकानातून निघालेली चाकांची बॅलन्सिंगची वजने हे अशा शिशाचे सहज मिळणारे भंगार आहे.

हे काम करणाऱ्याला बहुतेक वेळा लगेच काहीच होत नाही, आणि खरी अडचण तीच आहे. शिशाची धूळ हात, कपडे आणि चपलांवरून घरात येते. तिचा सर्वांत जास्त त्रास ज्याने शिशाला हातही लावलेला नाही अशा घरातल्या लहान मुलाला होतो.

शिसे शरीरात कसे जाते?

• तोंडावाटे: भंगार निवडलेल्या हाताने जेवणे, विडी ओढणे, तंबाखू मळणे. वजन दाताने दाबून दोरीवर बसवण्याची सवयही वाईट.
• श्वासावाटे: शिसे सुमारे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. आच त्याहून बरीच वाढली की डोळ्यांना न दिसणारी वाफ निघू लागते. वर जमलेली राखाडी मळी काढताना बारीक धूळ उडते, तीही श्वासात जाते.
• धड त्वचेतून शिसे फारसे आत जात नाही. धोका असतो तो हात तोंडाकडे जाण्यात.

रक्तातले शिसे नवीन भर न पडल्यास साधारण महिन्याभरात निम्मे होते. हाडांत साठलेले मात्र वर्षानुवर्षे राहते आणि गरोदरपणात पुन्हा रक्तात उतरू शकते.

भंगार निवडताना

चाकांची सगळी वजने शिशाची नसतात. काही लोखंडाची, काही जस्ताची असतात. लोखंडाची चुंबकाला चिकटतात. जस्ताची कडक असतात, कटरने सहज दबत नाहीत. शिसे मऊ असते, नखानेही ओरखडा उठतो.

ही निवड आरोग्याच्या दृष्टीनेही महत्त्वाची आहे. जस्त सुमारे ४२० अंशांना वितळते. ते मिसळले की रस नीट होत नाही, म्हणून माणूस आच वाढवतो आणि शिशाची वाफही वाढते. तरीही निवड केली म्हणजे काम सुरक्षित झाले असे नाही. निवडतानाच हाताला धूळ लागते, आणि पोते झटकले की ती हवेत जाते.

पावसाळ्यात आणखी दोन धोके वाढतात. पाऊस लागतो म्हणून चूल पडवीत किंवा बंद खोलीत पेटते आणि वाफ आतच कोंडते. शिवाय ओले वजन वितळलेल्या शिशात पडले तर पाण्याची क्षणात वाफ होऊन गरम शिसे उसळते. चेहरा आणि डोळे यांना गंभीर भाजते.

जुन्या बॅटरीतल्या प्लेटा घरी कधीही वितळवू नका. त्यात शिशाची बारीक पूड आणि आम्ल असते, विषारी वायूही निघू शकतात.

मुलांना जास्त धोका का?

लहान मूल जमिनीवर रांगते, हात आणि वस्तू तोंडात घालते. गिळलेल्या शिशापैकी मोठ्यांपेक्षा चार ते पाच पट भाग त्याचे शरीर शोषून घेऊ शकते. लोह किंवा कॅल्शियम कमी असेल, पोट रिकामे असेल, तर शोषण आणखी वाढते. मेंदूची वाढ याच वयात होत असते, आणि त्यावर झालेला परिणाम पूर्णपणे भरून निघत नाही. शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानले जात नाही.

शिसे घरात आले तर काय होऊ शकते, हे सेनेगलमध्ये दिसले. डकार शहराजवळच्या थियारॉय-सुर-मेर या किनाऱ्यावरच्या वस्तीत लोक जुन्या बॅटऱ्यांतले शिसे मिसळलेली माती चाळून विकत आणि पोती घरात ठेवत. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या काळात तिथे १८ मुले दगावली. त्यांच्या भावंडांच्या आणि आयांच्या रक्तातही शिसे जास्त निघाले.

लक्षणे

मुलांमध्ये: भूक मंदावणे, चिडचिड, पोटदुखी, बद्धकोष्ठता, फिकटपणा, उशिरा बोलणे, अभ्यासात मागे पडणे. अनेकदा काहीच लक्षण नसते.

मोठ्यांमध्ये: थकवा, डोकेदुखी, पोटात कळा, सांधे दुखणे, हातापायांना मुंग्या, मनगटाची ताकद कमी होणे, रक्तदाब वाढणे. पुरुषांत वीर्यावर परिणाम होतो. स्त्रियांत गर्भपात किंवा कमी दिवसांचे बाळंतपण होऊ शकते. शिसे वारेतून बाळापर्यंत पोहोचते.

ही लक्षणे ॲसिडिटी, जंत, साधा ॲनिमिया यांतही दिसतात. म्हणून डॉक्टरांकडे गेल्यावर ‘घरी शिशाचे काम होते’ हे स्वतःहून सांगा. हे एक वाक्य निदानाची दिशा बदलू शकते.

तपासणी आणि उपचार

शिरेतून रक्त घेऊन ‘ब्लड लेड’ ही तपासणी करतात. ती प्रत्येक लॅबमध्ये होत नाही, नमुना मोठ्या लॅबकडे पाठवावा लागू शकतो. घरात काम होत असेल तर कारागिरासोबत मुले आणि गरोदर स्त्री यांचीही तपासणी करून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनानुसार रक्तात ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा अधिक शिसे आढळल्यास ते कुठून येते हे शोधून बंद करावे.

पहिला उपचार हाच. लोह, कॅल्शियम कमी असल्यास डॉक्टर औषध देतात. आहारात नाचणी, पालेभाज्या, अंडी, काट्यांसकट खाता येणारी बारीक मासळी, लिंबू, आवळा असू द्या. मुलांमध्ये पातळी ४५ किंवा जास्त असेल तर शिसे बाहेर काढणारी औषधे रुग्णालयाच्या देखरेखीखाली देतात. घरात शिसे तसेच ठेवून ही औषधे घेतल्यास फायदा टिकत नाही.

काय काळजी घ्यावी?

• शक्य असेल तर तयार वजनेच घ्या. घरात न वितळवणे हा सर्वांत खात्रीचा उपाय.
• काम करायचेच असेल तर वस्तीपासून दूर, उघड्यावर, कोरड्या दिवशी करा. मुले आणि गरोदर स्त्रिया जवळ नकोत.
• वजने पूर्ण वाळवून मगच वापरा. आच गरजेपुरतीच ठेवा.
• स्वयंपाकाची चूल, भांडी, पळी या कामाला वापरू नका. ॲल्युमिनियमचे भांडे आचेवर दगा देऊ शकते.
• साधा कापडी रुमाल वाफ अडवत नाही. धातूच्या धुरासाठीचा, चेहऱ्यावर घट्ट बसणारा मास्क, चष्मा, जाड हातमोजे आणि बंद बूट वापरा.
• काम झाल्यावर साबणाने हात, तोंड धुवा. सॅनिटायझरने शिसे जात नाही.
• कामाचे कपडे आणि चपला घराबाहेर ठेवा, कपडे वेगळे धुवा. मगच मुलाला उचला.
• जमीन झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. मळी झाकणाच्या डब्यात ठेवा, अंगणात किंवा खाडीत टाकू नका.

काही गैरसमज

‘दूध आणि गूळ घेतला की शिसे उतरते.’ नाही. दुधातले कॅल्शियम चांगलेच, पण त्याने धूळ किंवा वाफ निरुपद्रवी होत नाही.

‘धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही.’ शिशाची वाफ दिसत नाही.

‘वडिलांनी आयुष्यभर केले, त्यांना काही झाले नाही.’ त्यांची रक्ततपासणी झाली होती का, आणि तेव्हा घरातली मुले कशी होती, हे कोणी पाहिलेले नसते.

लगेच रुग्णालयात केव्हा जावे?

• मुलाने शिशाचे वजन गिळले किंवा तशी शंका असेल. ‘पडून जाईल’ म्हणून थांबू नका. पोटातील आम्लात शिसे विरघळते. २००६ मध्ये अमेरिकेत शिशाचे छोटे पदक गिळलेल्या चार वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. एक्स-रे लगेच काढावा लागतो. उलटी करवू नका.
• मुलाला वारंवार उलट्या, झटके, गुंगी, चालताना तोल जाणे.
• गरम शिशाने भाजल्यास: नळाच्या गार पाण्याखाली २० मिनिटे धरा. चिकटलेले शिसे ओढून काढू नका. डोळ्याला लागल्यास तातडीने नेत्रतज्ज्ञांकडे जा.

ही माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. तुमच्या घरातल्या व्यक्तीसाठी काय योग्य, हे तुमच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.