जलविहार आणि जलपर्णी

नदीच्या पाण्याला एकच दिशा ठाऊक असते. घुग्घुसच्या कोळशाच्या खाणींजवळून वाहणारी वर्धा थोड्याच अंतरावर वढा येथे पैनगंगेला कवेत घेते. पुढे चंद्रपूरकडून येणारी इरई तिला मिळते. मग बल्लारपूर मागे टाकून ती वैनगंगेला भेटते, आणि प्राणहिता हे नाव धारण करून सिरोंच्याजवळ गोदावरीत विलीन होते. या सबंध प्रवासात पाण्यावर पडलेले पान खालीच जावयाचे. चंद्रपूरच्या एखाद्या तलावातले रोप ओढ्यातून इरईत व इरईतून वर्धेत आले, तरी ते प्रवाह कापून घुग्घुसच्या घाटाला लागणार नाही. पाखरांच्या पायांना चिकटून थोडेफार बी इकडचे तिकडे होते, हे खरे. परंतु एका खोऱ्यातले जीव दुसऱ्या खोऱ्यात, किंवा खालच्या पाण्यातले वरच्या पाण्यात, झपाट्याने नेण्याचे काम मनुष्य आणि त्याची नाव यांनीच केले आहे. गेल्या शे-सव्वाशे वर्षांचा या विषयाचा इतिहास पाहिला, म्हणजे ही नाव प्रथम व्यापाऱ्याची होती व पुढे ती विहार करणाऱ्याची झाली, असे दिसून येते.

वर्धेच्या काठी राहणाऱ्यांस हे ऐकून नवल वाटेल, की एके काळी या नदीतून आगबोटी चालविण्याचा मोठा घाट घातला गेला होता. गोदावरीवर धवळेश्वरमचे धरण बांधणारे सर ऑर्थर कॉटन यांच्या मनात गोदावरी, प्राणहिता व वर्धा मिळून समुद्रापासून वऱ्हाडच्या कापूसपट्ट्यापर्यंत एक जलमार्ग करावा, असे होते. वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे होते. पहिला भद्राचलमजवळ दुम्मगुडेम येथे, दुसरा इंद्रावतीच्या संगमाच्या बाजूस येंचमपल्ली येथे, आणि तिसरा खुद्द प्राणहितेत देवलमरी येथे, म्हणजे आजच्या गडचिरोली जिल्ह्यात. कॅप्टन हेग यांच्या देखरेखीखाली कालवे व बांध यांची कामे सुरू झाली. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, इंग्लंडच्या गिरण्यांस कापूस मिळेनासा झाला, आणि वऱ्हाड-नागपूरच्या कापसाला सोन्याचे मोल आले. मध्यप्रांताचे चीफ कमिशनर सर रिचर्ड टेंपल हे या योजनेचे मोठे पुरस्कर्ते होते. परंतु १८६५ साली युद्ध संपले, १८६७ साली आगगाडी नागपुरास पोहोचली, आणि जो कापूस नावेतून पूर्व समुद्राकडे जावयाचा तो डब्यांतून मुंबईकडे जाऊ लागला. १८७१ साली सरकारने ही योजना सोडून दिली. वर्धेत आगबोटीची शिटी वाजली नाही. ढीवरांचे डोंगे व उताराच्या नावा एवढीच तिच्यावरची वाहतूक राहिली.

या अपयशाबद्दल त्या काळी पुष्कळांनी हळहळ व्यक्त केली. पुढे बंगालमध्ये जे घडले ते पाहता, चांदा जिल्ह्याचे त्यात काही अंशी भलेच झाले, असे म्हणावेसे वाटते.

जलपर्णी ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनच्या खोऱ्यातली. चंद्रपूरकडील वृत्तपत्रे तिला तिच्या शास्त्रीय नावावरून ‘इकोर्निया’ म्हणतात. तिचे फूल जांभळट निळे व मोराच्या पिसासारखा डोळा असलेले, इतके मोहक, की एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बागांच्या हौशी धनिकांनी ती देशोदेशी नेली. पानाच्या देठाला हवेने भरलेला फुगा असल्यामुळे ती मुळे न रोवता तरंगते. आडव्या फुटव्याला नवे रोप लागते, ते तुटून वेगळे होते, आणि अनुकूल पाण्यात सुमारे पंधरवड्यात एका रोपाची दोन होतात. बी चिखलात पडले तर वीस वर्षांपर्यंत जिवंत राहू शकते. अशा वनस्पतीला वाहन मिळाले की काय होते, हे प्रथम फ्लॉरिडाने पाहिले. तेथील सेंट जॉन्स नदीत १८९०च्या सुमारास कोणा बागवाल्याच्या घरची जास्तीची रोपे गेली, आणि दहा वर्षांच्या आत आगबोटींची चाके अडू लागली. गंमत अशी, की या आगबोटीच आपल्या चाकांत अडकलेले तुकडे पुढच्या धक्क्यापर्यंत वाहून नेत होत्या. १८९९ साली अमेरिकेच्या कायदेमंडळाला हे तण काढण्याचे काम सैन्याच्या इंजिनियरांवर सोपवावे लागले. १९१० साली तर लुइझियानाच्या एका प्रतिनिधीने, आफ्रिकेतून पाणघोडे आणून त्यांस ही जलपर्णी चारावी व त्यांचे मांस लोकांनी खावे, असे विधेयक मांडले. ते मंजूर झाले नाही, हे पाणघोड्यांचेही सुदैव व नद्यांचेही.

बंगालची कथा मात्र हसण्याजोगी नाही. तेथे ही वनस्पती १८९०च्या दशकात आली व ‘कचुरीपाना’ या नावाने ओळखली जाऊ लागली. पूर्व बंगाल म्हणजे नद्या, खाल आणि बिल यांचे जाळे. माणूस, भात, ताग सारे नावेतून जावयाचे. तागाच्या होड्या व आगबोटी जेथे जेथे गेल्या, तेथे तेथे पाना गेला, आणि पाना साचला तेथे होडी जाईनाशी झाली. १९१४ साली नारायणगंजच्या व्यापारी मंडळाने सरकारकडे तक्रार केली. डाक्क्याच्या शेतकी खात्याने तिच्या राखेत पोटॅश पुष्कळ असल्याचे दाखवून तिचे खत करण्याचे प्रयोग केले. परंतु खतासाठी जेवढी काढावी त्याहून जास्त ती वाढे. महायुद्धाच्या दिवसांत लोक तिला ‘जर्मन पाना’ म्हणू लागले. शत्रूने मुद्दाम सोडलेले हे संकट आहे, अशी भोळी कंडी पिकली होती. १९२१ साली आचार्य जगदीशचंद्र बसू यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. १९३६ साली स्वतंत्र कायदा झाला, आणि १९३७च्या निवडणुकीत तर कचुरीपान्याचा नायनाट हे पक्षांच्या जाहीरनाम्यांतील एक वचन झाले. शेतात पुराबरोबर शिरलेला पाना उभे भात मोडून टाकी. त्याच्या झळा शेतकऱ्याला लागत, ज्याने ते फूल कधी हौसेने लावले नव्हते. हौस एकाची आणि भोग दुसऱ्याचा, हा या वनस्पतीच्या इतिहासाचा स्थायीभाव आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यापारी होडीची जागा रस्ता व आगगाडी यांनी घेतली, तसे हे संकट ओसरावयास हवे होते. ते ओसरले नाही. कारण आता नाव जलविहारासाठी निघाली. ही नाव वेगळ्या जातीची. ती एका पाण्यात जन्मून त्याच पाण्यात जीर्ण होत नाही. मोटारीमागे बांधून ती आज या तलावात तर उद्या शंभर कोसांवरच्या दुसऱ्या तलावात उतरते. तिच्या तळात साचलेले बादलीभर पाणी, सुकाणूला गुंडाळलेला शेवाळाचा धागा, पंख्यात अडकलेला देठ, हे सारे तिच्याबरोबर डोंगर ओलांडते. युरोपातल्या काळ्या समुद्राकडची झेब्रा शिंपली १९८८ साली अमेरिकेच्या सेंट क्लेअर सरोवरात आढळली; ती तेथे मालवाहू जहाजांच्या पाण्यातून आली असावी. परंतु तिची भावंड असलेली क्वागा शिंपली २००७च्या जानेवारीत रॉकी पर्वतापलीकडच्या मीड जलाशयात सापडली, तेव्हा तेथवर ती नदीने येणे शक्यच नव्हते. विहाराच्या बोटींनीच तिला गाडीवरून आणले होते. या शिंपल्या पाण्याबाहेर दमट जागी काही दिवस तग धरतात, आणि एकदा वसल्या की नळ, झडपा व वीजकेंद्रांचे जलमार्ग बुजवून टाकतात.

याच कुळातली एक शिंपली आपल्याही बंदरांत आली. मध्य अमेरिकेकडील मायटिलॉप्सिस ही १९६७ साली विशाखापट्टणम येथे व पुढे मुंबईच्या गोदीत आढळली, आणि येथे ती कायमची राहिली. तीच जेव्हा १९९९च्या मार्च महिन्यात ऑस्ट्रेलियातील डार्विनच्या विहारनौकांच्या बंदरात सापडली, तेव्हा तेथील अधिकाऱ्यांनी जे केले ते नमूद करण्यासारखे आहे. सहा महिन्यांपूर्वीच्या पाहणीत तिचा मागमूस नव्हता. आता ती भिंतींवर थरांनी बसली होती. त्यांनी बंदराचे दरवाजे बंद केले, आत विरंजक द्रव व मोरचूद ओतून सारे पाणी मारले, आणि तेथून निघून गेलेल्या होड्यांचा शोध घेऊन त्याही तपासल्या. शिंपली समूळ नाहीशी झाली. मुंबई आणि डार्विन यांत फरक एवढाच, की डार्विनने ती पसरण्यापूर्वी पाहिली, आणि पाहिल्यावर वाट पाहिली नाही.

महाराष्ट्रात विहारनौकेचा नाद जुना आहे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची नौकास्पर्धा १९२८ पासून नदीच्या पात्रात होत आली आहे. पण तीच मुळा-मुठा, कोल्हापूरचे रंकाळे, मुंबईचा पवई तलाव, या प्रत्येकाने जलपर्णीचा हिरवा गालिचा अंगावर घेतला आहे. चंद्रपूरचा रामाळा तलाव हे त्याच मालिकेतले सर्वांत दुःखद उदाहरण. गोंड राजांच्या काळचा हा तलाव परकोटाच्या आत, बगड खिडकीच्या बाजूला आहे. बाग व नौकाविहार यांमुळे शहरातील कुटुंबांची ती संध्याकाळची जागा. त्यात नाल्यातून शहराचे सांडपाणी येऊ लागले, आणि सांडपाणी म्हणजे जलपर्णीला दूधभात. पाहता पाहता पाण्याचा आरसा हिरवा झाला व नावेचे वल्हे अडू लागले. २०२१ साली इको-प्रो या संस्थेचे बंडू धोतरे यांनी तलावाच्या शुद्धीसाठी अन्नत्याग सत्याग्रह केला. त्यानंतर पाणी काढून गाळ उपसण्याचे काम हाती घेण्यात आले. येथे दोष नावेवर लादणे अन्यायाचे होईल. रामाळ्यात नाव ही या तणाची बळी आहे, वाहक नव्हे. सांडपाणी थांबविल्यावाचून तेथील जलपर्णी कितीही वेळा काढली तरी ती परत येणार.

वाहक होण्याचा प्रश्न आता उद्भवला आहे, तो इतरत्र. चंद्रपूरच्या वीजकेंद्राला पाणी पुरविणाऱ्या इरई जलाशयात ताडोबाचे प्रवासी नौकाविहार करतात. हे सुंदर आहे, आणि वनखात्याच्या रोजगारालाही त्याचा हातभार आहे. परंतु रामाळ्यासारख्या ग्रस्त पाण्यातली होडी, जाळे किंवा तराफा जर न धुता, न वाळविता इरईत उतरला, तर जे तण नदीने वर कधीच गेले नसते ते मालमोटारीने तासाभरात धरणाच्या वर पोहोचेल. आणि वीजकेंद्राच्या पाणीओढीच्या तोंडाशी ते काय करील, याची कल्पना फ्लॉरिडाच्या आगबोटींवरून यावी. अमेरिकेत बोटवाल्यांना तीन शब्द पाठ करवितात: धुवा, निथळू द्या, वाळवा. तळाचे भोक उघडून पाणी सोडणे व चार दिवस उन्हात ठेवणे, यास पैसा लागत नाही. विदर्भाच्या उन्हाची तर टंचाई कधीच नव्हती.

पण बोटवाल्यांपेक्षा या गोष्टीत अधिक गुंतलेला माणूस निराळा आहे. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया या भागांत मालगुजारीच्या काळातले तलाव जागोजाग आहेत. १९५१ साली मालगुजारी संपल्यावर ते सरकारकडे गेले, पण मासे व शिंगाडे यांवर जगणारा ढीवर त्यांच्या काठावरच राहिला. त्याच्या तलावात एकीकडून जलपर्णी शिरली आणि दुसरीकडून बेशरम. ही बेशरमही विदेशीच. कुंपणाला म्हणून लावली गेली आणि पाण्यात उतरून बसली. मासा अंडी घालण्यास जी पाणवनस्पती शोधतो तिची जागा या झुडपांनी घेतली. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने भंडारा-गोंदियाच्या ढीवर मंडळींसह, विशेषतः त्यांच्या स्त्रियांसह, तलावातली बेशरम मुळासकट उपटण्याचे काम केले, आणि रिकाम्या झालेल्या चिखलात जुन्या, ओळखीच्या पाणवनस्पती परत लावल्या. कोणती वनस्पती कोणत्या माशाला लागते, हे या लोकांना पुस्तकावाचून ठाऊक होते. त्यांनी खोल पाण्यातली निराळी, काठावरची निराळी अशी रोपे निवडली, आणि पुढच्या हंगामांत जुने गावठी मासे त्या तलावांत पुन्हा दिसू लागले.