७२ लाख अंकांची मूळ संख्या आणि देवळालीचे मास्तर

१/ मे २००४ मध्ये तोवरची सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या सापडली: २ चा २,४०,३६,५८३ वा घात, वजा १. ती पूर्ण लिहायची तर ७२,३५,७३३ अंक लागतात. स्वयंसेवकांच्या संगणकांवर चालणाऱ्या शोधमोहिमेत ती जॉश फिंडली यांना गवसली. तिच्या एका गुणधर्माची व्याख्या मात्र नाशिकजवळच्या देवळालीतील एका शाळामास्तरांनी केलेली आहे.

२/ दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ चा, डहाणूचा. कांदिवलीवरून धावणाऱ्या डहाणू लोकलमुळे हे नाव उपनगरवासीयांच्या रोजच्या कानावरचे. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकून १९२९ मध्ये ते पदवीधर झाले आणि १९३० ते १९६२ देवळालीत शिक्षक राहिले. पदव्युत्तर पदवी त्यांच्यापाशी नव्हती.

३/ त्यांचा नियम साधा आहे. कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवावी. ३९ + ३ + ९ = ५१; म्हणून ३९ हा ५१ चा जनक. १०१ ला दोन जनक आहेत: ९१ आणि १००. ९७ ला मात्र एकही नाही. अशी निर्जनक संख्या म्हणजे स्वयंभू संख्या.

४/ ९७ आणि १०१ या दोन्ही मूळ संख्या आहेत. लहान संख्यांच्या गुणाकारातून त्या घडत नाहीत. पण अंकांच्या बेरजेतून १०१ घडते, ९७ घडत नाही. ९७ दोन्ही अर्थांनी अजन्मा ठरते.

५/ यावर गंभीर आक्षेप होता. संख्येचे मूळपण लेखनपद्धतीवर अवलंबून नसते. स्वयंभूपण मात्र दशमान लेखनावर अवलंबून असते. त्यामुळे असे काम अनेकांना केवळ मनोरंजन वाटे. ‘नव्या स्वयंभू संख्यांचे गणित’ या आशयाची इंग्रजी पुस्तिका कापरेकरांनी १९६३ मध्ये, निवृत्तीनंतर, देवळालीहूनच काढली. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील सदरात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा ते सत्तरीचे होते.

६/ ऑक्टोबर २००६ मध्ये ल्यूक पेबडी यांनी दाखवले की फिंडली यांची ती प्रचंड संख्या स्वयंभूही आहे. हे पडताळता कसे येते? ७२,३५,७३३ अंकांची बेरीज जास्तीत जास्त ६,५१,२१,५९७ होईल. म्हणजे जनक असलाच, तर तो त्या संख्येच्या खाली साधारण साडेसहा कोटींच्या आतच असणार. एवढ्या पट्ट्यात तो नाही, हे सिद्ध झाले की काम संपले.

७/ कापरेकर १९८६ मध्येच निवर्तले होते. आक्षेप आजही खरा आहे: स्वयंभूपण हा लेखनाचा गुण आहे. पण कोणते प्रश्न विचारण्याजोगे, हे केवळ विद्यापीठांत ठरत नाही. देवळालीतल्या फळ्यावर मावणारा एक प्रश्न ७२ लाख अंकांच्या संख्येला विचारता आला, आणि त्याचे निश्चित उत्तरही मिळाले.

#इतिहास #गणित #कापरेकर