पेशीच्या दारावरचा निरोप

शरीरातल्या पेशी एकमेकींशी निरोपांनी बोलतात. कित्येक निरोप्यांना पेशीत शिरताच येत नाही. ते दाराशी थांबतात. मग निरोप आत कसा पोचतो? या प्रश्नाच्या उत्तराचा इतिहास मोठा मनोरंजक आहे.

१९६३ साली उंदराच्या लघवीत चक्रीय जीएमपी नावाचे द्रव्य सापडले. ते तयार करणारे ग्वानिलिल सायक्लेज हे एन्झाइम १९६९ मध्ये उजेडात आले. त्याचा काही अंश पेशीच्या द्रवात असे, तर काही आवरणाला चिकटलेला. हा चिकटलेला अंश कशासाठी, हे मात्र कळेना.

१९८१ मध्ये कॅनडात आदोल्फो डी बोल्ड यांनी उंदरांच्या हृदयाच्या कर्णिकांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला. थोड्याच वेळात लघवीवाटे मीठ आणि पाणी भराभर बाहेर पडू लागले, रक्तदाबही उतरला. हृदय म्हणजे नुसता पंप नव्हे, तेही संप्रेरक पाठवते, हे यावरून सिद्ध झाले.

इकडे अमेरिकेत डेव्हिड गार्बर्स समुद्री अर्चिनाचे शुक्राणू तपासत होते. त्या प्राण्याच्या अंड्यातून येणारा निरोप शुक्राणूच्या आवरणावरचे हे एन्झाइम घेते, असे दिसले. १९८९ मध्ये सस्तन प्राण्यांतही उलगडा झाला: हृदयाचा निरोप घेणारे आणि चक्रीय जीएमपी बनवणारे रेणू दोन नव्हेत, एकच! त्याचे एक टोक पेशीबाहेर निरोप झेलते, दुसरे आत काम करते.

१९९० मध्ये आतड्यातला असाच रेणू ओळखला गेला. जुलाबाच्या काही ई. कोलाय जंतूंचे विष नेमके त्यालाच चिकटते. मग क्षार आणि पाणी आतड्यात लोटले जाते. शरीराने हे कुलूप चोरासाठी थोडेच केले असणार? १९९२ मध्ये खरी किल्ली मिळाली: ग्वानिलिन, आतड्याचे स्वतःचे संप्रेरक. म्हणजे जंतूने चक्क बनावट किल्ली केली होती!

हे विष उकळूनही टिकते, पण उकळल्याने जंतू मरतात. म्हणून पाणी उकळून प्यावे हेच बरे. आणखी एक दिलासा आहे. साखर आणि मीठ मिळून आत घेणारे आतड्याचे दुसरे दार या विषाने बंद होत नाही. कॉलऱ्याचे विष निराळ्या वाटेने जाते, तरी तेथेही हे दार उघडेच राहते. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच आधाराने कॉलऱ्याचे असंख्य रोगी वाचवले. तेव्हा मुलाला जुलाब होताच क्षारसंजीवनीचे पाणी घोट घोट पाजत राहावे, आणि मूल मलूल दिसले तर विनाविलंब दवाखाना गाठावा.

शिक्षकबंधूंनी वर्गात एवढे अवश्य सांगावे: उंदीर, अर्चिन आणि जुलाब यांचा अभ्यास वेगवेगळ्या ठिकाणी झाला, पण उत्तर मात्र एकाच दाराशी सापडले.