नगराची सीमा आणि पाण्याची वाट

१८ नोव्हेंबर १७२७ रोजी सवाई जयसिंह द्वितीय यांनी आमेरच्या दक्षिणेकडील मैदानात नव्या राजधानीचा पाया घातला. विद्याधर भट्टाचार्य यांच्या साहाय्याने आखलेल्या या नगराचे सरळ राजमार्ग, चौकड्या, तट आणि वेशी यांचे वर्णन अनेकांनी केले आहे. त्या मानाने नगराच्या पाण्याचा इतिहास उपेक्षितच राहिला. वास्तविक तटाने ठरविलेली नगराची सीमा आणि पाणी, दिवाबत्ती, सांडपाणी या सेवांनी आखलेली सीमा एकमेकींशी तंतोतंत कधीच जुळल्या नाहीत. ह्या दोन सीमांमधील अंतरातच जयपूरभोवतीच्या ग्रामीण भागाचे भवितव्य घडत गेले.

आमेर डोंगरांच्या कुशीत वसलेले होते. उतारावरून वाहणारे पावसाचे पाणी टाक्यांत व तलावांत साठवून तेथे गरज भागविता येई. मैदानातील नगराला ही नैसर्गिक सोय नव्हती. विहिरी, बावड्या आणि बाहेरून कालव्याने आणलेले पाणी यांवर नव्या राजधानीची भिस्त होती. एकविसाव्या शतकात मेट्रोच्या भुयारी कामाच्या वेळी चौपडींखालचे जुने कुंड उजेडात आले, तेव्हा या विस्मृत व्यवस्थेची साक्ष मिळाली. म्हणजे नगर जन्मले तेव्हापासूनच त्याचे पाणी तटाबाहेरच्या भूमीवर अवलंबून होते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराजा रामसिंह द्वितीय यांच्या कारकिर्दीत जयपुरात गॅसचे दिवे आले आणि नळयोजना उभी राहिली. तिचा उगम नगराच्या पश्चिमेस वाहणाऱ्या अमानीशहा नाल्यात, म्हणजेच द्रव्यवती नदीत होता. पुढे वाढत्या वस्तीला हा नाला अपुरा पडू लागला.

बाणगंगा नदीवरील रामगढ धरणाची कथा अधिक बोलकी आहे. माधोसिंह द्वितीय यांच्या काळात १८९७ मध्ये त्याची पायाभरणी झाली आणि १९०३ मध्ये ते पूर्ण झाले. मधल्याच काळात, विक्रम संवत १९५६ मध्ये, राजस्थानच्या लोकस्मृतीत ‘छप्पनिया’ म्हणून कोरला गेलेला भीषण दुष्काळ पडला. प्रारंभी या धरणाचे पाणी मुख्यतः शेतीला मिळत होते. १९३१ पासून ते जयपूरच्या नळांना मिळू लागले. शेताचे पाणी नगराचे झाले, परंतु शेत नगराचे झाले नाही. हा क्रम पुढेही टिकून राहिलेला दिसतो. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांतील नौकानयन ज्या जलाशयात झाले, तो एकविसाव्या शतकाच्या आरंभीच कोरडा पडला. पाणलोट क्षेत्रातील बांध, अतिक्रमणे आणि वाढता उपसा यांमुळे पाणी धरणापर्यंत पोहोचेनासे झाले. २०११ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली.

दरम्यान नगर तटाबाहेर पसरत होते. १९४२ ते १९४६ या काळात दिवाण असलेल्या मिर्झा इस्माईल यांनी दक्षिणेकडे नव्या वसाहती आखल्या. १९४९ मध्ये जयपूर राजस्थानची राजधानी झाले आणि विस्ताराला वेग आला. १९८२ मध्ये जयपूर विकास प्राधिकरण स्थापन झाले. तथापि प्राधिकरणाच्या आराखड्यापेक्षा गृहनिर्माण सहकारी समित्यांची गती अधिक होती. या समित्यांनी खातेदार शेतकऱ्यांकडून जमिनी घेऊन त्यांचे भूखंड पाडले व पट्टे वाटले. घरे आधी आणि रस्ते, नळ, गटारे नंतर, असा उलटा क्रम रूढ झाला. पृथ्वीराज नगर योजनेसाठी १९८८ मध्ये भूसंपादनाची अधिसूचना निघाली. त्या भूमीवर समित्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या आणि वाद दीर्घकाळ चालला. १९९९ मध्ये राजस्थान भू-महसूल अधिनियमात कलम ९०-ब समाविष्ट झाले. त्यायोगे खातेदाराचे हक्क संपवून जमीन नागरी वापराखाली आणण्याचा मार्ग खुला झाला. कागदोपत्री गाव शहर झाले, पण घराघरांत पाणी पोहोचावयास पुष्कळ वर्षे जावी लागली. तोवर कूपनलिका आणि टँकर हीच तेथील जलव्यवस्था होती. झोटवाडा, सांगानेर, आमेर या भागांतील भूजल अतिउपशाने खोल गेले, ते या परिस्थितीत.

रामगढ आटल्यावर नगराने बनास नदीकडे हात पुढे केला. टोंक जिल्ह्यातील बिसलपूर धरणाची क्षमता सुमारे ३८.७ अब्ज घनफूट आहे. त्यातील १६.२ अब्ज घनफूट पाणी पिण्यासाठी आणि ८ अब्ज घनफूट सिंचनासाठी राखण्यात आले. ही विभागणी मान्य होणे सोपे नव्हते. जून २००५ मध्ये टोंक जिल्ह्यातील सोहेला येथे बिसलपूरचे पाणी मागणाऱ्या शेतकऱ्यांच्या आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जणांचे प्राण गेले. २००९ पासून सूरजपुरा येथे शुद्ध केलेले हे पाणी शंभराहून अधिक किलोमीटरचा प्रवास करून जयपुरात येऊ लागले. दूदू, फागी, चाकसू परिसरातील ग्रामीण योजनांनाही याच धरणातून पाणी दिले गेले, हेही नोंदविले पाहिजे. मात्र नगराचा वाटा मोठा राहिला. शिवाय नगराने वापरून सोडलेले पाणी द्रव्यवतीतून सांगानेरकडील गावांच्या वाट्याला आले.

महाराष्ट्राला हा अनुभव अपरिचित नाही. १८६० मध्ये विहार तलावापासून सुरू झालेली मुंबईची पाण्याची वाट १८९२ मध्ये तानसापर्यंत पोहोचली आणि पुढे वैतरणा, भातसापर्यंत गेली. त्या जलाशयांच्या शहापूर तालुक्यातील पाडे मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत राहिले. संस्थानी राजधानी आणि वसाहतकालीन बंदर यांच्या इतिहासात फार भेद आहे, पण पाण्याच्या बाबतीत दोहोंची रीत सारखीच ठरली.

जयपूर महापालिकेचे २०१९ मध्ये दोन भाग करण्यात आले होते. २०२५ मध्ये ते पुन्हा एकत्र आणले गेले आणि आसपासची गावे नव्या हद्दीत घेतली गेली. नगराची सीमा अधिसूचनेने एका दिवसात पुढे सरकते, तर जलवाहिनी वर्षानुवर्षांच्या खर्चाने व श्रमाने पुढे जाते. या गावांपैकी कित्येकांच्या विहिरींनी नगराच्या वाढीची किंमत आधीच मोजली आहे. त्यांच्या घरी नळ केव्हा येतो, यावरून या विस्ताराचे मोल ठरावे लागेल.