करातून हक्काकडे

आपल्यापैकी अनेक पगारदारांच्या पगारातून दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर म्हणून कापले जातात. वर्षाचे हे २,५०० रुपये कशासाठी, असे आपण सहसा विचारीत नाही. त्या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर सव्वाशेहून अधिक वर्षे मागे, १८७६-७८ च्या दुष्काळापर्यंत जावे लागते.

दुष्काळग्रस्तांना सरकार खडी फोडण्याचे किंवा मातीचे काम देई. हिंदुस्थान सरकारने काटकसरीसाठी सर रिचर्ड टेंपल यांना पाठविले. १८७७ च्या जानेवारीत त्यांनी पुरुषाची मजुरी एक रत्तल धान्य आणि एक आणा एवढ्यावर आणली. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी ही मजुरी नाकारून कामे सोडली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेतली. उपाशी माणसाने काम सोडावे, यावरूनच ती मजुरी कशी होती ते समजावे.

१८७८ मध्ये लॉर्ड लिटन यांच्या सरकारने दुष्काळासाठी वर्षाला दीड कोटी रुपयांची तरतूद करण्याचे ठरविले आणि त्याकरिता व्यापारउदिमावर परवाना कर बसविला. परंतु लवकरच अफगाण युद्ध उभे राहिले. १८७९-८० मध्ये दुष्काळाची तरतूद बाजूला पडली. कर मात्र चालू राहिला! अंदाजपत्रकातला शब्द हा केवळ इरादा असतो. तो मोडला म्हणून भुकेल्या माणसाला दाद मागता येत नाही. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळसंहिता आल्या. त्यांनी मदत हे सरकारचे कर्तव्य ठरविले, पण मजुराचा हक्क नव्हे.

आता १९७२ च्या दुष्काळाकडे या. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना या काळात मूळ धरू लागली. मागेल त्याला काम द्यायचे, तर पैसा कोठून आणायचा? त्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. शहरातल्या कमावत्याने खेड्यातल्या बेकाराला आधार द्यावा, असा हा व्यवहार होता.

मग १८७८ पेक्षा यात निराळे काय होते? १९७७ चा रोजगार हमी कायदा, जो २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. त्याने स्वतंत्र निधी स्थापन केला, कराइतकीच रक्कम सरकारनेही त्यात घालावी असे ठरविले, आणि मागणीनंतर पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास बेकारभत्त्याची तरतूद केली. इराद्याचे रूपांतर येथे देण्यात झाले. २००५ चा केंद्राचा ग्रामीण रोजगार हमी कायदा याच अनुभवावर उभा राहिला.

हे सारे निर्दोष होते असे नाही. खोट्या हजेऱ्या झाल्या, मजुरी थकली, निधी पडून राहतो असा आक्षेपही वारंवार घेतला गेला. कायद्याने हक्क दिला तरी तो पदरात पाडून घ्यायला मजुराला मोर्चे काढावे लागले.

म्हणून सरकार लोकोपयोगी कामावर किती खर्च करते, एवढे विचारून भागत नाही. तो खर्च थांबला तर कोण कोणाला जाब विचारू शकतो, हेही विचारले पाहिजे. पगारातून कापल्या गेलेल्या त्या २०० रुपयांनी हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्याही हाती दिला आहे.