एंडोमेट्रिओसिस : गर्भधारणेच्या प्रयत्नांतील आहार
(जोगेश्वरी, मुंबई उपनगर)

गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखी ऊती बीजकोश, ओटीपोटाचे आवरण किंवा आतडे अशा गर्भाशयाबाहेरच्या जागी वाढते, तेव्हा त्या दीर्घकालीन विकाराला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. पाळीतल्या जीवघेण्या कळा, शरीरसंबंधाच्या वेळी दुखणे, पोट फुगणे आणि दिवस राहण्यात अडचण ही त्याची लक्षणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना, म्हणजे जगभरात १९ कोटी जणींना, हा विकार असतो आणि निदानाला बहुधा ४ ते १२ वर्षे लागतात. ‘पाळीत दुखायचंच, मूल झालं की थांबेल’ हे घराघरांतले उत्तर या विलंबाला मोठा हातभार लावते. परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेत डॉ. राहुल गजभिये यांच्या नेतृत्वाखाली भारतीय रुग्णांमधील या विकाराचा अनेक केंद्रांवरून अभ्यास होत आहे.

मूल हवे असताना आहाराकडे लक्ष वळते, त्यामागे व्यवहारी कारण आहे. डायनोजेस्टसारख्या संप्रेरक गोळ्या किंवा गर्भनिरोधक गोळ्या दुखणे आवरतात. पण त्या गर्भधारणाही रोखतात, त्यामुळे या काळात बंद ठेवाव्या लागतात. कळा परततात आणि हाताशी उरते ते ताट.

त्या ताटाकडून किती अपेक्षा ठेवावी? अमेरिकेतील परिचारिकांच्या दीर्घ पाहणीत (२०१०) माशांतल्या ओमेगा-३ स्निग्धांचे सर्वाधिक सेवन करणाऱ्या गटात या विकाराचे निदान २२ टक्के कमी, तर ट्रान्स फॅट सर्वाधिक खाणाऱ्या गटात ४८ टक्के जास्त आढळले. हा संबंध आहे, उपचाराचा पुरावा नव्हे. युरोपीय प्रजनन संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेने कोणत्याही विशिष्ट आहाराची शिफारस केलेली नाही. अमुक पथ्याने एंडोमेट्रिओसिस बरा होऊन दिवस राहतात, असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. दुखणे, पोटाच्या तक्रारी आणि रक्तक्षय यांवर मात्र आहाराचा उपयोग होऊ शकतो, आणि तोही थोडका नाही.

जोगेश्वरीला वर्सोवा कोळीवाडा जवळ. बांगडा आणि तारली ही स्वस्त मासळी ओमेगा-३ साठी महागड्या सुरमईइतकीच कामाची आहे. मात्र ती तळण्यापेक्षा कालवणात बरी. मुशीत पारा साठत असल्याने गर्भधारणेच्या तयारीत ती टाळावी. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत किंवा शाकाहारी घरात जवसाची चटणी आणि अक्रोड आहेतच, पण त्यांतल्या ओमेगा-३ चे माशांतल्या ओमेगा-३ मध्ये शरीरात फार थोडे रूपांतर होते. वनस्पती तूप आणि पुन्हापुन्हा तापवलेल्या तेलातली भजी कमी करावीत. जानेवारी २०२२ पासून खाद्यतेलांत ट्रान्स फॅटची मर्यादा २ टक्के असली, तरी गाडीवरच्या कढईतल्या तेलावर लक्ष ठेवायला कोणी नसते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. पाळीत रक्त जास्त जात असेल तर तो वाढतो. लाल माठ, अळीव, मोड आलेली मटकी आणि वर लिंबू पिळणे हे सोपे उपाय. जेवणाबरोबरचा चहा अन्नातले लोह शोषू देत नाही. तो तासभर पुढे ढकलावा. हिमोग्लोबिन फार कमी असेल तर लोहाच्या गोळ्यांना पर्याय नाही. गर्भधारणेच्या किमान महिनाभर आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड घ्यावे.

इथे उपासाबद्दल स्पष्ट लिहायला हवे. मूल व्हावे म्हणून सोमवार, संकष्टी, गुरुवार धरणाऱ्या बाईच्या पोटात आठवड्यातून दोन-तीन दिवस साबुदाणा आणि चहाच जातो. प्रथिने आणि लोह ज्या शरीराला सर्वांत जास्त हवे, त्यालाच ते नाकारले जाते. श्रद्धा मोडायची गरज नाही. शेंगदाणे, दही, राजगिरा आणि फळे उपासाला चालतात. ‘उष्ण’ म्हणून तीळ आणि बाजरी वर्ज्य करण्यालाही आधार नाही.

पोट सतत फुगत असेल तर कांदा, लसूण, गहू, राजमा, दूध असे आतड्यात आंबणारे पदार्थ ४ ते ६ आठवडे वगळून नंतर एकेक करून परत आणण्याची पद्धत आहे. तांदूळ, नाचणी आणि ज्वारीवर ती निभते. ती आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली करावी, नाहीतर वगळलेले पदार्थ कायमचे सुटतात आणि वजन उतरते.

निदान झालेले असताना दिवस राहण्याची वर्षभर वाट पाहू नये. पस्तिशीनंतर तर मुळीच नाही. जुहूचे कूपर किंवा परळचे केईएम या पालिका रुग्णालयांत स्त्रीरोग विभाग आहेत. बीजकोशात ‘चॉकलेट सिस्ट’ (या विकाराची, जुन्या रक्ताने भरलेली गाठ) असल्यास शस्त्रक्रियेने बीजसाठा घटू शकतो, म्हणून आधी बीजसाठ्याचा अंदाज देणारी एएमएच ही रक्ततपासणी करून शस्त्रक्रिया की आयव्हीएफ याचा निर्णय घेतला जातो. वेदनाशामक गोळ्याही या काळात स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. काही गोळ्या बीज बाहेर पडण्यात अडथळा आणतात.