वीणेचा गंधार आणि पेटीचा गंधार

दिंडी चालते तेव्हा वीणा, टाळ, मृदंग एवढे पुरे. मिरजगावी देवळात कीर्तन उभे राहिले की पेटी येते, आणि माउली, दोन गंधार शेजारी बसतात. सा 240 कंपनांचा धरला, तर तारेतून आपसूक उमटणाऱ्या गंधाराची जागा 300 वर. पेटीत सप्तकाचे बारा सारखे तुकडे, म्हणून तिचा गंधार 302 च्याही वर. फरक एवढासाच, पण जाणत्या कानाला टोचतो.

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल (‘शारदा’ नाटक लिहिणाऱ्या देवलांचे बंधू) याच बारकाव्याच्या मागे लागले. अब्दुल करीम खाँसाहेब गात, देवल तारेवर सूर मोजत. 1910 साली बावीस श्रुतींवर त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले. पुढे इंग्रज न्यायाधीश क्लेमंट्स यांच्या साथीने विलायतेत श्रुतींची पेटीही घडली. पण ती काही गावोगाव पोचली नाही. 1940 साली रेडिओने तर साधी पेटीच बंद केली, ती तीसेक वर्षे.

आमच्या मते पेटी राहू द्यावी, नवख्याला तिचाच आधार. वीणेकऱ्याने तार पेटीच्या सा-पला मिळवावी, पंचमात फरक नावापुरताच असतो. गंधाराला मात्र गळ्याने वीणेचे ऐकावे, आणि पेटीवाल्याने तिथे बोट जरा उचलावे.